गंगथडींतील एक गांव : राक्षसभुवन

सोलापुराहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता बीड सोडल्यावर उत्तरेकडे निघतो, गेवराईच्या बाजारपेठेंतून जातो आणि पुढें शहागडाच्या पुलावर गोदावरी ओलांडतो. मोटारींतून जाणाऱ्या प्रवाशाला गेवराई दिसते ती कापसानें भरलेलीं वाहनें, सरकी काढण्याचे कारखाने, चहाचीं दुकानें आणि मोटारतळ एवढीच. पूल आला म्हणजे जुन्या वळणाचीं माणसें खिडकींतून नदीला हात जोडतात, एखादें नाणें पाण्यांत टाकतात. मोटार पलीकडे जाते आणि प्रवासी पुन्हां डुलक्या घेऊं लागतो. याच नदीच्या दक्षिणतीरावर, गेवराई तालुक्याच्या हद्दींत, राक्षसभुवन नांवाचें एक गांव आहे. शाळेंत इतिहास शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांनीं हें नांव एकदां तरी परीक्षेच्या कागदावर लिहिलेलें असतें. 'राक्षसभुवनची लढाई, इ. स. १७६३' एवढी ती ओळ. तिच्यापुढें गांवाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

इंग्लंडांत अशी चौकशी करण्याची रीत जुनी आहे. सेलबोर्न या खेड्यांतील गिल्बर्ट व्हाइट नांवाच्या पाद्र्यानें आपल्या गांवचे पक्षी, झाडें, ओढे आणि हवापाणी यांचें वर्णन पत्ररूपानें लिहून ठेविलें. तें पुस्तक १७८९ सालीं प्रसिद्ध झालें आणि अजूनहि नव्यानें छापलें जातें. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांव-गाडा' लिहून खेड्याच्या संसाराची झडती घेतली, पण ती सर्व खेड्यांची मिळून. एकट्या गांवाची नव्हे. बीड जिल्ह्याचें गॅझेटिअर १९६९ सालीं निघालें, परंतु गॅझेटिअरांत गांवाच्या वांट्याला फार तर एक परिच्छेद यावयाचा. राक्षसभुवनाविषयीं सांगण्यासारखें याहून पुष्कळ आहे, आणि त्यांतील जवळजवळ सर्व नदीशीं बांधलेलें आहे.

प्रथम नकाशा पाहावा. बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची डोंगररांग आडवी गेली आहे. तिच्या योगानें जिल्ह्याचे दोन भाग पडतात : डोंगरावरचा उंच, मुरमाड, पाण्याला महाग असलेला प्रदेश, आणि डोंगर उतरल्यावर गोदावरीपर्यंत पसरलेली सखल काळी जमीन. या दुसऱ्या भागाला गंगथडी म्हणतात. येथील माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीं. तो 'गंगा' म्हणतो. 'गंगेला पाणी आलें', 'गंगेच्या अलीकडे', 'गंगेवर गेला' हे त्याचे नित्याचे शब्द. म्हणून काशीची गंगा मनांत धरून येणाऱ्या परक्या माणसाची येथें क्षणभर फसगत होते. त्र्यंबकेश्वरापाशीं उगम पावून १४६५ किलोमीटर चालत जाणारी ही नदी बीड जिल्ह्याची उत्तरसीमा आहे. तिच्या पलीकडे पैठण, अंबड, घनसावंगी हे तालुके लागतात. जिल्ह्याची दुसरी नदी सिंदफणा. ती पाटोद्याच्या डोंगरांतून निघून शिरूर, गेवराई, माजलगाव या तालुक्यांतून वाहत जाते आणि मंजरथ येथें गोदावरीला मिळते. गेवराई तालुका या दोन नद्यांच्या मधला आणि भोंवतालचा.

जमीन काळी, कापसाला मानवणारी, उन्हाळ्यांत हात हात भेगा पडणारी. पाऊस सरासरीनें सव्वीस इंचांच्या आसपास. पण सरासरी हा शब्द येथें फसवा आहे, कारण एका वर्षीं सर्व नद्या दुथडी वाहतात आणि दुसऱ्या वर्षीं पोळ्याला बैलांच्या आंघोळीपुरतें पाणी मिळण्याची पंचाईत पडते. १९७२ चा दुष्काळ या भागांतील म्हाताऱ्यांच्या तोंडीं अजून आहे. २०१२-१३ आणि २०१५ चे दुष्काळ तर लहान मुलांनींहि पाहिले. खरिपांत बाजरी, तूर, कापूस आणि रब्बींत शाळू हा जुना पिकांचा क्रम. गांव वसलें आहे ती 'पांढरी' आणि पिकें निघतात ती 'काळी', असा भेद मराठी खेड्यांत सर्वत्र केला जातो. नदीकांठच्या गांवाला मात्र या दोहोंशिवाय तिसरी एक जमीन असते. तिचें नांव मळई. पूर ओसरतांना जो गाळ मागें ठेवून जातो त्याची ही जमीन. नांगराची गरज थोडी, खताची त्याहून थोडी. आणि चौथी, जी जमीन म्हणून कोणत्याहि सात-बाऱ्यावर चढत नाहीं, ती वाळू. हिवाळा संपतां संपतां पात्रांत पाणी एका कडेला जातें आणि वाळवंट उघडें पडतें. त्यांत चर खणून, शेणखत घालून टरबुजें-खरबुजांच्या वाड्या लावण्याची चाल गोदाकांठीं पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. वरून रखरखीत दिसणाऱ्या वाळूंत हात-दीड हात खणलें कीं ओल लागते. या ओलीचा हिशेब पुढें करावयाचा आहे.

नदीचा कांठ म्हटला कीं देवळें आलींच. गंगथडींत तीं दाट आहेत. पैठण हें नाथांचें. त्याच्या खालीं उत्तरतीरावर आपेगांव हें ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचें. पलीकडे घनसावंगी तालुक्यांतील जांब हें रामदासांचें जन्मगांव. राक्षसभुवन शनीसाठीं प्रसिद्ध आहे. ज्या शनिवारीं अमावास्या येते त्या दिवशीं, म्हणजे शनि-अमावास्येला, येथें दूरदूरचीं माणसें लोटतात, गंगेंत स्नान करून शनीवर तेल घालतात. जी साडेसाती चुकवावयाची ती खरोखरीच ग्रहाची असते कीं सावकाराची, पावसाची आणि भावकीची, हा प्रश्न कोणी विचारूं नये. दर्शनाला आलेल्या माणसाला तो भेद करण्याचें कारण नसतें. गणेशभक्तांच्या एकवीस क्षेत्रांतील विज्ञानगणेशाचें स्थान हेंच, आणि त्याची स्थापना दत्तात्रेयांनीं केली अशी परंपरा सांगते. जवळच पांचाळेश्वर आहे. दत्तात्रेय रोज माध्यान्हीं येथें भोजनाला येतात अशी श्रद्धा असून महानुभाव पंथाचे लोक या ठिकाणाला आत्मतीर्थ म्हणतात. चक्रधरस्वामींचा संचार तेराव्या शतकांत याच गंगातीरानें झाला. मराठींतील आद्य गद्यग्रंथ समजलें जाणारें 'लीळाचरित्र' ज्या भूमीवर घडलें, तिच्यांत ही थडी मोडते.

आतां लढाई. ती समजावयाची तर आधीं 'उतार' हा शब्द समजला पाहिजे. पूल नव्हते त्या काळीं दख्खनची नदी वर्षांतून आठ महिने रस्ता असे आणि चार महिने भिंत असे. जेथें पात्र रुंद, तळ वाळूचा वा खडकाचा आणि पाणी कमरेइतकें, तेथून बैलगाड्या, घोडीं, उंट पार जात. अशा जागेला उतार म्हणतात. उताराच्या दोन्ही अंगांना गांवें वसतात, धर्मशाळा होते, बाजार भरतो. पावसाळा लागला कीं तोच उतार नाहींसा होतो आणि नावाड्यांचें राज्य सुरू होतें. लष्कराच्या दृष्टीनें याचा अर्थ सरळ आहे. हजारों माणसें, तोफा, हत्ती आणि सामान नदीपार नेण्यास कांहीं दिवस लागतात. त्या दिवसांत सैन्याचे दोन तुकडे झालेले असतात आणि मध्यें पाणी असतें. शत्रूनें गांठावें तर त्या वेळीं गांठावें.

१७६१ सालीं पानिपत झालें. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव यांना कारभार आपल्याकडे हवा होता. १७६२ च्या अखेरीस चुलत्या-पुतण्यांच्या फौजा भीमेच्या खोऱ्यांत एकमेकींवर चालून गेल्या. घर फुटूं नये म्हणून माधवराव स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. ही फूट निजामअलीनें हेरली. नागपूरचे जानोजी भोसले त्याला मिळाले. पटवर्धनांसारखे पेशव्यांच्या पदरचे नाराज सरदारहि त्याच्याकडे गेले. १७६३ सालीं निजामअलीनें पुण्यावर येऊन तें लुटलें आणि जाळलें. पेशव्यांनीं समोर उभें राहण्याऐवजीं त्याच्याच मुलुखांत शिरून तोच प्रकार तिकडे केला. असा एकमेकांचा मुलूख उजाड करीत दोन्ही फौजा फिरत असतां पावसाळा आला, आणि निजामअली औरंगाबादेकडे परत फिरला. औरंगाबाद गंगेच्या उत्तरेस. म्हणजे गंगा ओलांडणें आलें.

तो स्वतः कांहीं फौज घेऊन उत्तरतीरावर गेला. दक्षिणतीरावर राक्षसभुवनापाशीं उरलेल्या फौजेनिशीं राहिला तो त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर, ज्याला 'राजा प्रतापवंत' असा किताब होता. इकडे पेशव्यांनीं जानोजी भोसल्यांना बत्तीस लाखांच्या मुलुखाचें आश्वासन देऊन आंतून फोडलें होतें; ते अंग काढून बाजूला राहिले. १० ऑगस्ट १७६३ रोजीं मराठे विठ्ठल सुंदरावर येऊन पडले. लढाई चांगलीच निकराची झाली. एका वेळीं रघुनाथराव शत्रूच्या गराड्यांत सांपडले आणि पुतण्यानें ताज्या दमाच्या फौजेनिशीं धांवून जाऊन त्यांना सोडविलें. ज्या चुलत्यानें नऊ-दहा महिन्यांपूर्वीं त्याला नजरकैदेंत ठेविलें त्याच चुलत्याला! विठ्ठल सुंदर पडला आणि निजामाची ती फौज मोडली. पलीकडच्या तीरावर निजामअली होता. नदी भरून वाहत होती. त्याला मदत पाठवितां आली नाहीं. पुढें २५ सप्टेंबर १७६३ रोजीं औरंगाबादेस तह झाला, निजामाला मुलूख सोडून द्यावा लागला, आणि पानिपतानंतर मराठ्यांचें बळ संपलें असें मानणाऱ्यांना आपला हिशेब पुन्हां मांडावा लागला. अठरा वर्षांच्या माधवरावांचें वजन घरांत आणि बाहेर याच दिवसापासून वाढलें.

इतिहासकार या विजयाचें श्रेय माधवरावांच्या धैर्याला देतात, जानोजीच्या फितुरीला देतात, निजामाच्या घाईला देतात. तें सर्व खरें आहे. पण मोठा वांटा पाण्याचा आहे. तीच लढाई फाल्गुनांत झाली असती, तर निजामअली घोड्यावरून तासाभरांत अलीकडे आला असता. आणि आणखी एक गोष्ट, जिची नोंद बखरींत नसते : ऑगस्ट महिना म्हणजे खरीप उभें असण्याचे दिवस. दोन राज्यांच्या फौजा ज्या शेतांवरून गेल्या त्या शेतांत त्या सालीं काय उरलें असेल, हें समजण्यास बखर लागत नाहीं.

लढाई पेशव्यांनीं जिंकली खरी. तथापि हा मुलूख पुढें निजामाच्याच राज्यांत राहिला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्या काळाविषयीं येथें थोडकेंच सांगावयाचें. कचेरीची भाषा उर्दू, नाणें हाली शिक्क्याचें, कलेक्टराला म्हणावयाचें अव्वल तालुकदार. आणि शेतांत, देवळांत, जात्यावर मराठी. शिकलेल्या कुळकर्ण्यालाहि कचेरीचा कागद वाचून घेण्यासाठीं दुसऱ्याचें तोंड पाहावें लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. मोगलाई संपली, शब्द मात्र राहिले. तहसील, पेशकार, मोजे हे शब्द वापरतांना आज कोणाला इतिहास आठवत नाहीं.

राक्षसभुवनच्या दृष्टीनें या सर्वांहून मोठी घटना लढाईची नाहीं आणि राज्यबदलाचीहि नाहीं. ती वरच्या अंगाला, पैठण येथें घडली. गोदावरीवर धरण बांधण्याचा विचार निजामाच्या काळांतच सुरू झाला होता, आणि मूळ जागा ठरली होती ती बीड जिल्ह्यांत, जायकवाडी नांवाच्या खेड्यापाशीं. पुढें पाहणी होऊन धरण पैठणला नेलें. नांव मात्र पहिल्या गांवाचें राहिलें. म्हणून आज 'जायकवाडी' ऐकल्यावर लोक पैठणकडे बोट दाखवितात. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींच्या हस्तें उद्घाटन. सुमारें दहा किलोमीटर लांबीचें मातीचें धरण, सत्तावीस दरवाजे, आणि मागें नाथसागर. त्यांत एकंदर १०२ टीएमसी पाणी मावतें. त्यांतील वापरतां येण्याजोगें सुमारें ७६ टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा आंकडा डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं, म्हणून असा धरावा : सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिलें तर तो एक क्युसेक, सुमारें ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अहोरात्र वाहत राहिला तर एका दिवसांत एक टीएमसी होतो.

धरणाला दोन कालवे आहेत. डावा २०८ किलोमीटरांचा, तो परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटरांचा; तो गेवराई तालुक्यांतून जाऊन माजलगावच्या धरणाला मिळतो. येथें एक गोष्ट शहरांतल्या वाचकाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. कालवा हा नदीसारखा सखल जागेंतून वाहत नाहीं. तो उंचवट्याच्या कडेकडेनें, अगदीं थोडा ढाळ देऊन नेलेला असतो, म्हणजे त्याच्या खालच्या बाजूची जमीन आपोआप भिजावी. तेव्हां पाणी आतां दोन वाटांनीं चालूं लागलें. जें पूर्वीं सर्व नदींतून जाई, त्यांतलें बरेंचसें वरून कालव्यानें जाऊं लागलें, आणि खालच्या नदीला राहिलें तें धरणानें सोडलें तर. कालव्याखालच्या शेतकऱ्याचें नशीब उघडलें. जेथें शाळू आणि तूर होती तेथें ऊंस उभा राहिला. गढी येथें जयभवानी सहकारी साखर कारखाना निघाला. परंतु कालव्याच्या तोंडाशीं असलेल्याला पाणी भरपूर आणि टेलच्या शेतकऱ्याला पाळीचा निरोप येतो, पाणी येत नाहीं, ही तक्रार कालव्याइतकीच जुनी आहे. आणि नदीच्या अगदीं कांठावरच्या माणसाला, ज्याला पाण्याचा शेजार सर्वांत जवळचा, त्याला हिवाळ्यांतच कोरडें पात्र पाहण्याची संवय झाली. पुढें पैठणखालीं आपेगांव, हिरडपुरी, जोगलादेवी वगैरे ठिकाणीं नदीवर बंधारे बांधण्यांत आले. त्यांच्या मागें पाणी तुंबून राहतें आणि कांठच्या मोटारी चालतात. पण तें तुंबवायला पाणी आधीं वरून आलें पाहिजे.

वरच्यांचीहि एक बाजू आहे. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) या जिल्ह्यांत गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा यांवर धरणें आहेत. पाऊस पडतो तो मुख्यतः तिकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर. तीं भरल्याशिवाय नाथसागरांत पाणी कोठून यावें? तेथील शेतकरी म्हणतो, आमच्या डोंगरांतलें पाणी आम्हांला पुरत नाहीं. खालचा म्हणतो, नदी तुमच्या गांवीं संपत नाहीं. २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें समन्यायी वांटपाचें तत्त्व मान्य केलें. २०१२-१३ च्या दुष्काळांत तें कोर्टांत गेलें. मेंढेगिरी समितीनें २०१३ सालीं कोष्टक घालून दिलें. प्राधिकरणानें १९ सप्टेंबर २०१४ रोजीं हुकूम दिला आणि मुंबई उच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०१६ रोजीं निकाल दिला. त्याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडींतील उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांच्या खालीं असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावयाचें. म्हणून गंगथडींतला शेतकरी आतां दसऱ्याच्या सुमारास आभाळाकडे पाहत नाहीं. तो टक्केवारी विचारतो.

पाणी निदान दरसाल पडतें. वाळूचें तसें नाहीं, आणि राक्षसभुवनच्या आसपासच्या सर्व गांवांचा आजचा खरा प्रश्न वाळूचा आहे.

नदीची वाळू म्हणजे दगडाचा चुरा. सह्याद्रीचे आणि त्याच्या फांट्यांचे खडक झिजून, ओढ्यांतून वाहत, घांसत, चाळत ती शेंकडों वर्षांत येथें येऊन बसली. दोन कणांमध्यें पोकळी असते. पुराच्या वेळीं त्या पोकळींत पाणी भरतें आणि वर नदी आटली तरी आंत टिकतें. वरच्या कोरड्या थरामुळें त्याला ऊन लागत नाहीं. म्हणजे वाळवंट हें नदीचें कोरडें अंग नव्हे, तर झांकून ठेवलेलें पाण्याचें भांडें आहे. उन्हाळ्यांत झिरे खणून बायका पाणी भरीत तें यांतलें. टरबुजाच्या वेलाला मिळे तें यांतलें. कांठच्या विहिरींना पाझर फुटे तोहि यांतला. दहा फूट वाळू काढली तर दहा फूट उंचीचें भांडें फुटलें, आणि शेजारच्या विहिरीचें पाणी त्या मानानें खालीं गेलें. यांत गूढ असें कांहीं नाहीं. गाळणीचा प्रयोग शाळेंतलीं मुलें करतात, तितकें हें सोपें आहे.

पूर्वींहि लोक वाळू नेत. घर बांधावयाचें तर बैलगाडी घेऊन जावें, दोन खेपा आणाव्या. त्यानें नदीला कांहीं होत नसे, कारण पुढचा पूर ती भरून काढी. धरण झाल्यावर हा हिशेब बदलला. सांठलेल्या संथ पाण्यांत जड कण तळाशीं बसतात. दरवाज्यांतून खालीं येतें तें पाणी, वाळू नव्हे. म्हणजे पैठणच्या खालीं जी वाळू आहे ती बव्हंशीं पूर्वजांनीं ठेवलेली ठेव आहे. तिच्यांत नवी भर जी पडते ती खालच्या ओढ्या-नाल्यांची, आणि ती थोडी. याच सुमारास शहरें वाढूं लागलीं. छत्रपती संभाजीनगर (त्या वेळचें औरंगाबाद), जालना, बीड, सर्वत्र सिमेंटचीं घरें आणि रस्ते. सिमेंटाला वाळू लागते. बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरमागें हायवा. पाण्याखालची वाळू ओढून काढण्यासाठीं ट्रॅक्टरला जोडतात त्या अवजाराला या भागांत केनी म्हणतात. मालाचें माप ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. रात्रीं गांवच्या रस्त्यावरून हायवा जाऊं लागले कीं भिंती हादरतात, आणि ज्या रस्त्यासाठीं गांवानें वर्षानुवर्षें अर्ज केले तो रस्ता एका हंगामांत उखडतो.

कायदा नाहीं असें नाहीं. वाळू हें गौण खनिज. तिचे घाट ठरवून जिल्हाधिकाऱ्यांनीं लिलाव करावयाचा. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पांच हेक्टरांहून लहान क्षेत्रालाहि पर्यावरणाची परवानगी हवी. राज्य सरकारनें २०२३ सालीं सरकारी आगारांतून सहाशें रुपये ब्रास दरानें वाळू देण्याचें धोरण जाहीर केलें. दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूलाहि उत्तेजन दिलें जात आहे. परंतु कागदावरचा घाट आणि नदींतला खड्डा यांचें माप जुळत नाहीं, हें या तालुक्यांत कोणालाहि विचारावें. धाडी पडतात, वाहनें पकडलीं जातात, दंड होतो, आणि पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यांत केनी पुन्हां पाण्यांत उतरते. खड्डे मात्र राहतात. वरून पाणी सारखेंच दिसतें. गुडघाभर पाणी समजून पाऊल टाकलें तर पुरुषभर खोलींत जातें. अशा खड्ड्यांत मुलें बुडाल्याच्या घटना गेवराई तालुक्यांत घडल्या आहेत. ज्या गांवांना उतार कोठें आहे हें पिढीजात ठाऊक होतें, त्यांना आज आपल्याच नदीच्या तळाचा भरंवसा देतां येत नाहीं.

मग गांवांतले लोक हें चालूं कां देतात, असा प्रश्न शहरांतून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या घराच्या स्लॅबांत गंगेची वाळू असण्याचा संभव बराच आहे, हें एक. दुसरें असें कीं, दोन-तीन एकर कोरडवाहू कापसावर घर चालत नाहीं. जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें दसऱ्यानंतर ऊंसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर सहा महिने खोपटांत राहावयाचें आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतावयाचें. ज्या तरुणाला हें नको असतें त्याला गांवांत राहून रोख पैसा देणारें काम हाताशीं एकच दिसतें. वाळूचा ट्रॅक्टर चालविणारा पोरगा आणि विहीर आटली म्हणून चुलत्याजवळ कुरकुर करणारा पोरगा पुष्कळदां एकाच घरांतला असतो. हें प्रकरण पोलिसांच्या गस्तीनें कां मिटत नाहीं, याचें उत्तर यांत आहे.

नदी मधूनमधून आपलें जुनें रूप दाखविते. २००६ च्या ऑगस्टांत आणि २०२५ च्या सप्टेंबरांत वरचीं धरणें भरून नाथसागरांत पाणी मावेनासें झालें, तेव्हां जायकवाडीचे दरवाजे उघडून प्रचंड पाणी सोडावें लागलें आणि कांठच्या गांवांतल्या लोकांना घरें सोडून उंचावर जावें लागलें. मघांचा हिशेब येथें लावून पाहण्यासारखा आहे : एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसाला साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी नेतो, म्हणजे जायकवाडीचा सारा उपयुक्त सांठा नऊ दिवसांत रिता करील, आणि अशा प्रसंगीं प्रवाह एक लाखाच्याहि पुष्कळ पुढें जातो. पूर्वींचा पूर चढत चढत येई. पाण्याचा रंग आधीं बदले, मग फेस आणि काटक्या येत, मग झाडें. घाटाच्या पायऱ्या मोजून म्हातारे सांगत कीं रात्रीं निजावें कीं गुरें सोडावीं. आतां पाणी दरवाज्यांतून येतें, तें आंकड्यानें येतें. सकाळीं फोनवर निरोप येतो, इतके दरवाजे इतके फूट उचलले. गांवानें त्यावरून पायऱ्यांचा हिशेब करावयाचा.

पूर ओसरला म्हणजे घरांतला चिखल काढतात, देवळांचे गाभारे धुतात, पंचनामे होतात. कापूस गेलेला असतो. वेळ असेल तर त्याच ओलीवर हरभरा टाकतात. वाळवंट कोठें सरकलें, कोठें नवी मळई पडली, कोणते खड्डे भरले, हें पाहण्यासाठीं कांहीं माणसें सकाळींच कांठावर जमतात. त्यांत टरबुजाच्या वाडीसाठीं जागा हेरणारा एखादा असतो आणि केनीवालाहि असतो.